खोलीला पगडी कोण घालतं?

गिरगावातली आमच्या मावशीची खोली दहा बाय बाराची. मागच्या दिवाळीत तिथं सगळे जमलो होतो आणि गप्पांची गाडी नेहमीप्रमाणे पुनर्विकासावर आली. कुणीतरी म्हणालं, "आपली पडली पगडीची खोली, म्हणून हा सगळा घोळ." माझी सात वर्षांची भाची कोपऱ्यात चकली खात बसली होती. तिनं आधी छताकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीकडे, आणि विचारलं, "पगडी कुठाय?"

हसण्याचा गदारोळ झाला, पण उत्तर कुणालाच धड देता येईना. मावशी म्हणाली, "अगं, पगडी म्हणजे खोली घेताना एकरकमी द्यायचे पैसे." मग ती डोक्यावर घालतात ती? "ती वेगळी," मावशीनं विषय संपवला.

ती वेगळी नाही. शब्द एकच आहे, आणि तो डोक्यावरून खोलीवर कसा गेला हे समजून घ्यायचं तर आधी तो डोक्यावर कसा आला हे बघावं लागतं.

लग्नात फेटे बांधायला येणाऱ्या माणसासमोर चुकून "मलाही पगडी बांधा" म्हणून पाहा. तो लगेच सुधारेल. फेटा म्हणजे मुळात नुसतं कापड: साधारण एक मीटर पन्ह्याचं, साडेतीनपासून सहा मीटरपर्यंत लांब. दर वेळी नव्यानं बांधायचा. सोडला की पुन्हा कापड. पगडी एकदा बांधून, टाके घालून, आकार पक्का करून ठेवलेली असते. घरी आलं की काढून खुंटीवर ठेवायची, बाहेर पडताना पुन्हा डोक्यावर चढवायची. म्हणून फेटा बांधतात आणि पगडी घालतात. ती पहिल्यांदा बांधून देणारा कारागीर वेगळा असे, त्याला पगडबंद म्हणत. पागोटं या दोघांच्या मधे कुठंतरी बसतं, आणि बोलण्यात तर माणसं डोक्याला गुंडाळलेल्या कशालाही पागोटं म्हणत आली आहेत.

आता शब्द फोडू. 'पगडी'त दोन तुकडे आहेत: 'पाग' आणि 'डी'. पाग म्हणजेच डोक्याला गुंडाळायचं वस्त्र. राजस्थानात आजही पाग म्हणतात, पंजाबीत पग्ग, गुजरातीत पाघ आणि पाघडी, बंगालीत पागडी. 'डी' हा शेपटासारखा जोडलेला प्रत्यय. तो लागला की मूळ शब्द जरा लहान, जरा घरगुती, कधी जरा हलका होतो. चामचं चामडी, टांगेचं तंगडी. या तंगडीकडे नीट पाहा, कारण पगडीचं कोडं तिच्यात सुटतं. टांग म्हणताना 'टा' लांब आहे; पुढे 'डी' आली की जोर पुढे सरकतो आणि मागचा स्वर आखडतो. कानाची कनपटी होते, नाकावरून नकटा होतो, तसंच पागेची पगडी होते. शाळेत हे नियम म्हणून शिकवले असते तर मी जांभया दिल्या असत्या, पण एकदा तंगडी दिसली की पगडी आपोआप दिसते.

दक्षिणेत हा शब्द आणखी मजेदार अवतारात भेटतो. तेलुगूत पगडीला तलपागा म्हणतात. तल म्हणजे डोकं, आणि पुढे आपलीच पाग. तमिळमध्ये तलैप्पागै. दिंडिगुलची तलप्पाकट्टी बिर्याणी ज्यांनी खाल्ली आहे त्यांनी नकळत हा शब्दही खाल्ला आहे: १९५७ साली ते हॉटेल सुरू करणारे नागसामी नायडू डोक्याला कापड गुंडाळत, त्यावरून ते नाव पडलं. म्हणजे पंजाबच्या शेतापासून तमिळनाडूच्या खानावळीपर्यंत एकच पाग पसरलेली आहे. इतक्या भाषांत हा शब्द आहे, पण संस्कृतात त्याला निर्विवाद असा पूर्वज सापडत नाही. अशा वेळी भाषाभ्यासक सगळी भावंडं रांगेत उभी करतात आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून आई कशी दिसत असेल याचा अंदाज बांधतात. अंदाजानं तयार केलेल्या अशा रूपाच्या आधी कोशांत एक चांदणी (*) छापतात. चांदणी याचा अर्थ: हा शब्द लिहिलेला कुणी पाहिलेला नाही, पण तो असायला हवा.

पागोट्याची गोष्ट मला त्याहून आवडते. त्यातला 'पाग' कळला. मग 'ओटं' कुठून आलं? त्यासाठी नजर डोक्यावरून खाली न्यावी लागते, बरीच खाली. लंगोट. हा शब्द लिंग आणि पट्ट यांपासून लावतात. पट्ट म्हणजे कापडाची लांब पट्टी. पट्टा, पट्टी, दुपट्टा हे सगळे त्याच घरातले. दोन स्वरांच्या मधे सापडलेला प मराठीत येईपर्यंत बहुधा मऊ पडून व होतो: सपत्नीची सवत झाली, दीपाचा दिवा झाला. मग अव मिळून ओ होतो: लवणाचं लोण झालं, ज्यावरून लोणचं आलं, नवनीताचं लोणी झालं. दोन्ही पायऱ्या एकापाठोपाठ चढल्या की 'पट्ट'चं 'ओट' होतं. कमरेला कासोटा, त्याच्या आत लंगोट आणि डोक्याला पागोटं. तिन्हीच्या शेवटी तीच झिजलेली कापडाची पट्टी आहे. माणूस खालपासून वरपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता हे त्याच्या कपड्यांच्या नावांनीच सांगून ठेवलंय. आणि पागोट्यात 'पा' लांबच राहिला, पगडीत आखडला, यावरून मला वाटतं की पागोटं इथंच वाढलेलं आहे आणि पगडी उत्तरेच्या वळणाचं रूप घेऊन आलेली आहे.

काही सोयरे मात्र खोटे आहेत. ते आधीच दाराबाहेर ठेवलेले बरे. हिंदीतला पग म्हणजे पाऊल, ज्यावरून पगडंडी म्हणजे पायवाट. त्याचा पगडीशी संबंध लावून "पायाचं नाव डोक्याला कसं" असा विनोद करणारे भेटतात, पण ते शब्दच दोन. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. तो फारसी पायगाह, आणि त्यावरून पागे, पागनीस ही आडनावं. पगार तर थेट पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या भाषेत पगार म्हणजे पैसे चुकते करणं. पगडीची रक्कम आणि पगार हे दोन्ही पैशांचेच शब्द असल्यानं यात फसायला होतं. आवाज जुळला म्हणजे नातं जुळत नाही. नातं ठरवायला अक्षरं बदलण्याचे ठरलेले रस्ते लागतात आणि अर्थाचा प्रवासही पटावा लागतो.

वस्तू मात्र शब्दापेक्षा खूप जुनी. पुण्याजवळ भाज्याच्या लेण्यांत, इसवी सनाच्या आधी कोरलेल्या आकृत्यांच्या डोक्यांवर चांगली जाडजूड वेष्टनं आहेत. त्या काळी त्याला पगडी म्हणत नसत. संस्कृतातला शब्द होता उष्णीष. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याचं, म्हणजे एका भटक्या तपस्व्याचं, वर्णन येतं. त्यात दिवस हे त्याचं उष्णीष आणि रात्र हे त्याचे केस असं म्हटलंय. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाला तरी दिवस पांढऱ्याशुभ्र मुंडाशासारखा दिसला होता. उष्णीषाची फोड जुन्या पंडितांनी 'उष्णतेला मारणारं ते' अशी केली. ही फोड मला थोडी ओढूनताणून केलेली वाटते, पण मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर उभं राहिलं की पटतेसुद्धा. पुढे बुद्धमूर्तीच्या माथ्यावरच्या उंचवट्यालाही उष्णीष म्हणू लागले. कापडाचं नाव डोक्याच्या आकाराला चिकटलं. पगडीच्या बाबतीत हेच घडलं, फक्त तिचं नाव डोक्याऐवजी पैशांना चिकटलं.

ते असं. आपल्याकडे मान द्यायचा तर वस्त्र द्यायची रीत. मराठेशाहीत पाटील, देशमुख, वतनदार यांच्या मानपानात शेला-पागोटं ठरलेलं असे, आणि गावाच्या खर्चात ते हिशेबानं धरलं जाई. अंगावर शेला, डोक्याला पागोटं, म्हणजे माणसाची कदर झाली. आता पुढची पायरी नीट बघा. दर वेळी प्रत्यक्ष वस्त्रच दिलं जातं असं नाही. त्या नावानं पैसे दिले जातात, आणि काही दिवसांनी पैशांचंच नाव वस्त्राचं होऊन बसतं. राजघराण्यातल्या बायकांना चोळी-बांगडीसाठी गावं तोडून दिली जात; अख्ख्या गावाचा वसूल काही चोळ्या आणि बांगड्यांवर खर्च होत नसे. कचेरीत चहापाण्याचे म्हणून जे मागतात त्याचा चहा कुणी पीत नाही. पगडी ही त्याच जातीची. खोली देणाऱ्याचा मान म्हणून द्यायची रक्कम. कोलकात्यात याच रकमेला सलामी म्हणतात. तिथं वस्त्राऐवजी वाकून केलेला नमस्कार आहे, पण विचार तोच: पैसा देतोय असं न म्हणता पैसा द्यायचा.

मुंबईत या शब्दाला जी ताकद आली ती कायद्यामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात माणसं मावेनात आणि भाडी भडकू नयेत म्हणून १९४७ साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला. त्यानं बहुतेक जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. आता विचार करा, घरमालकाला महिन्याकाठी मिळणार काही रुपये, आणि भाडेकरूला सहजी काढता येणार नाही. तर मालक खोली देतानाच एकरकमी पैसे मागू लागले. ते घेणं याच कायद्यानं गुन्हा ठरवलं होतं. म्हणून सगळा व्यवहार तोंडी, रोख आणि पावतीविना. कागदावर ज्याला नाव देता येत नाही त्याला बोलण्यात एक सभ्य नाव लागतं, आणि ते तयारच होतं. भाडेकरू खोली सोडताना ती पुढच्याला अशीच पगडी घेऊन देई आणि मालकाला त्यातला ठरलेला हिस्सा पोचे, बऱ्याचदा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. मालकी मालकाची, राहणं भाडेकरूचं, आणि दोघांच्या मधे ही पगडी. अर्ध्या शतकानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या ५६ व्या कलमानं असे पैसे घेणं-देणं कायदेशीर केलं. म्हणजे मावशीचे सासरे जे करताना इकडेतिकडे बघत होते, ते आता उघड करता येतं. पुनर्विकासात अशा खोलीचा नेमका धनी कोण, हा घोळ मात्र अजून दिवाळीला पुरतो.

आणि शेला-पागोटंही संपलेलं नाही बरं का. गावाकडच्या लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात ना, तोच तो मान: शेल्याच्या जागी टॉवेल आला, पागोट्याच्या जागी टोपी.

पगडीच्या शेजारपाजारचे शब्द बघितले तर तिथं जगभरची वर्दळ दिसते. मुंडासं अगदी देशी: मुंड म्हणजे डोकं आणि वासस् म्हणजे वस्त्र. हाच शब्द कन्नड आणि तमिळमध्येही नांदतो. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारतींना त्यांच्या डोक्यावरच्या वेष्टनावरून मुंडासु कवी म्हणतात. फेटा पूर्वी फेंटा असाही लिहीत, आणि हिंदीत फेंटा म्हणजे कमरेला गुंडाळलेलं कापडसुद्धा. पटक्याचंही तेच, कधी कमरेला, कधी डोक्याला. जरीपटक्यात तर तो थेट निशाणावर गेला. कापडाला काय, कुठंही गुंडाळा. रुमाल हा मूळचा फारसी, रू म्हणजे चेहरा आणि माल म्हणजे पुसणारा. आपल्याकडे येऊन तो डोक्याला बांधला गेला आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, कारण तो चौकोनी कापडात बांधलेला असे.

मंदील म्हणजे जरीचं भारी पागोटं. अफझलखानाच्या भेटीला निघताना शिवाजी महाराजांनी डोईला मंदील बांधला असं सभासद बखरीत आहे. हा शब्द अरबीतून आला, आणि अरबीत तो लॅटिनमधून गेला होता, जिथं त्याचा अर्थ हात पुसायचं फडकं. रोमन माणसाच्या जेवणाच्या टेबलावरचं फडकं जावळीच्या खोऱ्यात जरतारी होऊन पोचलं.

जिरेटोपाबद्दल मला लहानपणी वाटे की त्यात जिऱ्यासारखं काहीतरी नक्षीकाम असणार. तसं काही नाही. फारसीत ज़िरह म्हणजे लोखंडी कड्यांचं चिलखत. जिरेटोप म्हणजे लढाईत घालायचा तसला टोप. आज मात्र नाटकातल्या आणि मिरवणुकीतल्या कापडी, मोत्यांच्या शिरोभूषणाला आपण हे नाव देतो. लोखंड गळून गेलं, नाव राहिलं.

सगळ्यात गोड आहे शिरपेच. फारसीत तो सरपेच: सर म्हणजे डोकं, पेच म्हणजे पीळ. पगडीच्या पिळावर लावायचा दागिना. डावपेचातला, पतंगाच्या पेचातला आणि "मोठा पेच पडला" मधला पेच हाच. मराठी माणसाच्या कानाला 'सर' परका वाटला, त्यानं सहज 'शिर' करून टाकलं. अशा अडाणी दुरुस्त्या भाषेत सतत होतात आणि बहुतेक वेळा त्या चुकीच्या असतात. इथं मात्र गंमत झाली. फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्' हे खरोखरच एका आजीचे नातू. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले, आणि मराठेशाहीतल्या कुठल्या तरी कारकुनानं न कळत एकाच्या जागी दुसरा बसवला. तुराही असाच पाहुणा: अरबी तुर्रा, म्हणजे कपाळावर येणारी केसांची बट. आपण तो शिरपेचात खोवला, शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात घातला, आणि आता दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रं रोज एकेक मानाचा तुरा खोवत बसतात.

इंग्रजांनी घेतलेला टर्बन आपल्याकडचा नाही. तो फारसी दुलबंदवरून तुर्कांकडून युरोपात गेला, आणि त्याच शब्दानं ट्युलिपच्या फुलालाही नाव दिलं, कारण फूल तसं दिसत होतं. आपण उलट त्या लोकांना त्यांच्या डोक्यावरूनच ओळखलं. मराठेशाहीतल्या 'आज्ञापत्र' या राजनीतीवरच्या ग्रंथात फिरंगी (म्हणजे पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (म्हणजे डच) या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे: टोपीकर.

तेव्हापासून आजपर्यंत डोक्यावर काय आहे यावरून माणूस ओळखायची सवय काही सुटलेली नाही. शिंदेशाही पगडी वेगळी, होळकरशाही वेगळी, ब्राह्मणी वेगळी. कोण कुठल्या दरबारातला ते लांबून कळे. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१८ च्या जूनमध्ये शरद पवारांनी पुण्यातल्या सभेत, इथून पुढे सत्कार फुले पगडीनं करा असं सांगितलं आणि बरेच दिवस वाद चालला. कुठली पगडी कुणाची, यावर हिरिरीनं लिहिलं गेलं. त्या वादात 'पगडी' या शब्दाची कुळकथा कुणी काढली असती तर दोन्ही बाजूंना तो बाहेरून आलेलाच निघाला असता, असं मला त्या वेळी वाटून गेलं होतं. आणि जोतिरावांच्या डोक्यावर होतं त्याला पागोटं म्हटलं असतं तर शब्दापुरतं तरी ते जास्त इथलं ठरलं असतं.

गेल्या महिन्यात पुन्हा मावशीकडे गेलो तेव्हा भाचीला यातलं तिला झेपेल तेवढं सांगितलं. पूर्वी मोठ्या माणसाला मान म्हणून पगडी द्यायचे, मग पगडीऐवजी पैसे देऊ लागले, पण नाव पगडीच राहिलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "फेटा पगडीपेक्षा स्वस्त असतो ना? मग आपण फेट्याची खोली घेऊ."

मावशी आतून ओरडली, "गिरगावात? टोपी घालतील टोपी!"